अंगची, शिकलेली, दिलेली, लादलेली

थोरलीला राग येतो म्हणून सगळे तिला नावं ठेवतात. तो येतो कुठून, हे मात्र एकानेही कधी विचारलं नाही. बापाच्या दुकानात जळालेल्या मोटरी भरायच्या, म्हणजे जुनी तार उपसायची आणि तांब्याची नवी गुंडाळायची, हे काम ती तेवीस वर्षं करते आहे. शाळा सुटली तेव्हा बाबांनी तिला स्टुलावर बसवलं ते फक्त उपसायला. भरायचं कसं ते सांगितलं नाही, पोरीबाळींचं काम नाही म्हणाले. मग तिने उपसता उपसता वेढे मोजले, वहीत चित्रं काढली, भंगारातल्या मोटरी भरून बोटं कापून घेतली. सात वर्षांनी बाबांचे हात थरथरायला लागले, आणि तेव्हापासून दुकान तिच्या हातांवर चाललं.

दर रविवारी दुपारी त्याच टेबलावरचे तारेचे तुकडे झाडून ती खेळ मांडायची. फासे, नकाशे आणि राक्षस. चार-पाच जण यायचे. प्रत्येक जण एकेक वीर व्हायचा, आणि वाटेत कोण आडवं येणार, ते काय करणार, हे थोरली सांगायची. तिच्या वहीत तीनशेच्या वर राक्षस होते. नाव, ताकद, दात, नखं हे काय, कुणीही लिहील. तिच्या वहीत शेवटी एक जादा रकाना होता: शक्ती कुठून आली.

"काय फरक पडतो?" कंपाउंडर एकदा म्हणाला. तो खेळातला सगळ्यात जुना गडी. "आग ती आग. भाजलं की भाजलं."

थोरलीने पेन आपटलं. "अग्निसर्पाची आग अंगची. तो मरेपर्यंत विझत नाही, तुमचे मंत्रबिंत्र तिथे फुकट. मांत्रिकाची शिकलेली. त्याच्या तोंडात बोळा कोंबा, संपला विषय. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याची कुणीतरी दिलेली. देणाऱ्याने हात काढून घेतला की पहारेकरी उघडा पडतो. आणि ज्याच्या श्वासाने त्याचीच लेकरं भाजतात, त्याच्यावर ती लादलेली. त्याला मारू नका, शाप उतरवा, जन्मभर उपकार मानेल. चौघांना एकाच काठीने हाणायला निघालात तर मरा, मला काय."

तेव्हापासून कंपाउंडर तलवार उपसण्याआधी मुकाट्याने रकाना विचारायचा.

धाकटा भाऊही खेळायला बसायचा. त्याला दुकानाचं काम थोरलीनेच शिकवलं, चार वर्षं. लोखंडाच्या खाचेत तार घालण्याआधी कागद घालायचा, आणि तो दोन्हीकडे नखभर बाहेर दिसला पाहिजे, नाहीतर तार लोखंडाला लागते आणि मोटर जळते. धाकटा चलाख होता, पण कागद कायम आखूड कापायचा. थोरली रोज संध्याकाळी त्याच्या कामावरून बोट फिरवायची आणि तार घालण्याआधीच आखूड कागद बदलून ठेवायची. बोलून दाखवायची नाही. तिथेच चुकलं तिचं.

त्या शनिवारी लॉन्ड्रीवाल्या काकू आपली मोटर न्यायला आल्या आणि कामाचं फार कौतुक करायला लागल्या. मोटर भरली होती थोरलीने. बाबांनी थाप मारली धाकट्याच्या पाठीवर.

"रक्तातच आहे हो त्याच्या. शिकवावं लागलंच नाही."

धाकटा हसला. नाही म्हणाला नाही. काकू दुसरी एक मोटर ठेवून गेल्या, आणि बाबा कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "बुधवारी पेंटर येतोय. पाटीवर माझ्या नावापुढे 'आणि चिरंजीव' टाकून घेऊ. दुकान आता त्याचंच."

"आणि मी?" थोरलीने विचारलं.

"तू काय, तू तर घरचीच आहेस."

घरचीच. मांजरसुद्धा घरचंच असतं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने हातातली कॉइल बांधून पुरी केली, कारण अर्धवट टाकायची तिला सवयच नव्हती.

रविवारी खेळात धाकट्याचा वीर एका बंद दरवाजापुढे उभा होता. नुसत्या हाताने कुलूप वितळवायची शक्ती होती त्याच्यात.

"कुठून आली?" थोरलीने विचारलं.

"अंगचीच की."

तिने वही उलटून त्याच्यापुढे सरकवली. तीन वर्षांपूर्वीचं पान होतं. गुहेतल्या लोहारणीने दिलेली, असं त्यावर धाकट्याच्याच अक्षरात लिहिलं होतं.

"हो, पण ती म्हातारी आहे कुठे आता?" धाकटा म्हणाला. "एवढ्या वर्षांत अंगचीच झाली ना."

"होत नाही," थोरली म्हणाली.

कंपाउंडरने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि फासे गोळा करायला लागला.

सोमवारी सकाळी तिने धाकट्याला तोंडावर सांगितलं, "आजपासून तुझं काम तूच तपासायचं. मी बोट लावणार नाही." कपट तिच्या स्वभावात नव्हतं.

"बरं बाई," धाकटा म्हणाला, आणि काकूंची मोटर दुपारपर्यंत भरूनही टाकली. संध्याकाळी मोटर काकूंकडे गेली.

बुधवारी ती परत आली. जळक्या वॉर्निशचा वास काकूंच्या आधी दुकानात शिरला. बाहेर शिडीवर पेंटर 'आणि' लिहून 'चिरंजीव'च्या 'च'पाशी पोचला होता. बाबांनी सवयीने मोटर उचलली आणि थोरलीच्या पुढ्यात ठेवली.

"ज्याच्या रक्तात आहे त्याला द्या," ती म्हणाली आणि पदराने हात पुसले.

बाबांनी मोटर धाकट्यापुढे सरकवली. त्याने ती उघडली. दोन खाचांतले कागद आत गेलेले, तार काळी पडलेली. मग नव्या कागदाची पट्टी हातात धरून, काकूंसमोर, बापासमोर, अगदी लहानपणी विचारायचा तसं त्याने विचारलं,

"ताई, नखभर म्हणजे कुणाचं नख गं? माझं की तुझं?"

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तेवीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. अंगठ्याचं नख कागद दाबून दाबून निम्मं झिजलं होतं.

"माझं," थोरली म्हणाली. "पण ते आता मिळणार नाही. आधी पाटी."

बाबा दाराशी गेले, मान वर करून पुऱ्या रंगवलेल्या पाटीकडे बघत उभे राहिले. परत आले तेव्हा आवाज खाली होता. "अगं, पाटीवर आता जागाच नाही उरली."

"मग 'चिरंजीव' पुसा," थोरली म्हणाली. "ओलंच आहे अजून."