चार इंची व्हाइस

राजशेखर म्याकल सत्तेचाळीस वर्षांचा झाला, तोवर त्याच्या हाताखालचे माग एकामागून एक भंगारात निघाले होते. शहराच्या पूर्व भागातल्या टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा माणूस. चोवीस मागांचे आठ राहिले, आणि आठ मागांना पूर्णवेळ जॉबर लागत नाही. भिवंडीहून धाकट्या भावाचा सारखा फोन यायचा, इकडं ये, काम आहे, माझ्या खोलीत राहा. खोलीत आणखी एकाचीच सोय होणार होती. पण घरात आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून बसवायला दोन माणसं लागत. त्यातला एक गेला तर नागमणी, त्याची बायको, एकटी काय करणार?

कारखान्याचे मालक श्रीशैलशेठ यांनी मात्र एक वाट दाखवली होती. आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या पेटीला धरून ठेवणारा लोखंडी ब्रॅकेट जुन्या मागांसाठी आता कुणी बनवत नाही. "एक करून दाखव," शेठ म्हणाले. "पूर्ण पाळी टिकला तर आठही मागांचे सुटे भाग तूच कर. मग भिवंडी कशाला?" शनिवारी तो मागावर चढवायचा होता. रविवारी भावाला उत्तर द्यायचं होतं.

एका बंद पडलेल्या तांत्रिक प्रशिक्षण वर्गातून राजशेखरनं लोखंड कापून खाच पाडणारं छोटं मिलिंग मशीन घरी आणलं होतं. शिलाई मशीनपेक्षा जरासं मोठं. त्याला व्हाइस नव्हता. व्हाइस म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा. तो नसेल तर कटर नुसताच फिरतो.

बुधवारी तो सात रस्ता चौकाच्या पुढच्या गल्लीत गुरप्पाच्या दुकानात गेला. जुन्या यंत्रांच्या ढिगात बसलेल्या गुरप्पानं विचारलं, "मशीन केवढं हाय, अण्णा?"

राजशेखरनं खिशातून सुती दोरा काढला. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. "ही टेबलाची लांबी. हा पन्हा."

"दोऱ्यावर व्हाइस विकायची ही पहिलीच वेळ माझी," गुरप्पा हसला आणि चार इंची व्हाइस पुढं सरकवला. "ह्यो घ्या. बारक्या मशीनला बारका."

राजशेखरला तो खेळण्यातला वाटला. कारखान्यात त्यानं आयुष्यभर सहा इंची व्हाइसवर काम केलं होतं. मोठ्या जबड्याची पकड मोठी, असं त्याचं मत होतं, आणि कोपऱ्यातला सहा इंची दोऱ्यात बरोबर बसत होता. तो त्यानं रिक्षात घातला. घरी उतरवताना रिक्षावाल्याची मदत घ्यावी लागली.

रात्रीपर्यंत थांबवेना म्हणून त्यानं लगेच बोल्ट आवळले. व्हाइस टेबलावर ऐटीत बसला. मग ज्यात खाच पाडायची होती तो ब्रॅकेटचा कच्चा तुकडा जबड्यात धरला, मशीनचं डोकं वर नेलं, आणखी वर नेलं, आणि ते थांबलं. अगदी शेंड्याला पोचूनही कटर ब्रॅकेटच्या कडेला टेकलेलाच होता. व्हाइसची खालची फिरती बैठक काढून पाहिली. दोन बोटं जागा मिळाली. हवी होती चार.

नागमणी दारात उभी होती. "मापं नेली होती ना?"

"नेली की. लांबी आणि पन्हा."

"आणि उंची?"

त्यानं खिशातला दोरा काढून पाहिला.

"तीस वर्षं टॉवेलच मोजलेत तुम्ही," ती म्हणाली. "टॉवेलाला कुठली आलीय उंची!" ती हसायला लागली, आणि आतून आईची हाक आली. दोघं आत गेले. एकानं खांद्यांना धरलं, एकीनं कमरेला. आई उठून बसली आणि भिंतीकडे बघत राहिली.

गुरुवारी तो जड व्हाइस पुन्हा रिक्षात चढला. गुरप्पानं टोमणा मारायला तोंड उघडलं, पण राजशेखरचा चेहरा पाहून आवरतं घेतलं. "जॉब आणलाय का? दावा."

जॉब, म्हणजे तो ब्रॅकेट, राजशेखरनं पुढं केला. गुरप्पानं तो सहा इंची जबड्याच्या मधोमध धरला. दोन्ही बाजूंना लोखंड रिकामं राहिलं. "जॉब तीन इंचाचा. मग बाकीचा जबडा काय धरणार, वारा? उगं एवढं वजन बारक्या टेबलावर. ते झुकंल, खाच वाकडी जाईल." मग त्यानं लोखंडी पट्टी काढली आणि चार इंचीची उंची जमिनीपासून मोजून दाखवली. राजशेखरनं ती दोनदा पाहिली, मशीनच्या उंचीशी मनातल्या मनात ताडून घेतली, आणि पहिल्यांदाच पूर्ण हिशेब जुळला. सहा इंची परत देऊन त्यानं चार इंची घेतला.

शुक्रवारी सकाळी त्यानं काटकोन तपासायचा गुण्या लावून व्हाइस सरळ केला. पहिला कट जरा खोल घेतला तर मशीन थरथरलं. त्यानं हात आखडता घेतला. केसाएवढं, पुन्हा केसाएवढं. दुपारी नागमणी जेवायला बोलवायला आली आणि त्याला कामात बघून परत फिरली. ऊन उंबऱ्यावरून उतरलं तेव्हा खाच पूर्ण झाली होती.

शनिवारी ब्रॅकेट मागावर चढला. राजशेखर पाळीभर मागाजवळच उभा राहिला. चहा आला, तो त्यानं तिथंच प्यायला. पाळी संपल्यावर शेठनी अंगठ्यानं ब्रॅकेट हलवून पाहिला. हलला नाही.

"दुसरा उद्या देशील?"

"उद्या नाही, शेठ. परवा. हलक्या मशीनवर घाई चालत नाही."

"परवा तर परवा," शेठ म्हणाले आणि पुढच्या मागाकडे वळले.

रविवारची वाट न बघता त्यानं बाहेर येऊन भिवंडीला फोन लावला. भावाशी तो घरात बोलतात त्या तेलुगूत बोलला. येत नाही, म्हणाला. इथंच काम मिळालं.



"बरं झालं," भाऊ म्हणाला. "आईजवळ कुणी हवंच." मग थांबून, "मी कालच दुसरी खाट आणून टाकली होती खोलीत."

"ती विकून टाक आणि तूच इकडं ये."

भाऊ हसला. राजशेखरही हसला. आठ मागांवर दोन भावांचं भागणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.