जावईबापूंची टोळी

लखन पगारे रविवारी सासुरवाडीला जायचा आणि सासऱ्याची गावं जाळून यायचा. सातपूरहून मोटरसायकल काढायची, मागे बायको ज्योत्स्ना, पाठीवर लॅपटॉप, वाटेत द्वारका चौकात रिक्षावाल्यांच्या आईबापाचा उद्धार, आणि एकलहऱ्याला पोचलं की बूट काढता काढताच विचारायचं, "काय मामा, बसायचं का?" यादवमामा तयारच असायचे. थर्मलच्या, म्हणजे तिथल्या वीजकेंद्राच्या, बॉयलरवर उभी हयात काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर आधी बायको गेली, मग किडन्या गेल्या, आणि करमणुकीला एक जावई उरला.

खेळ पाळीपाळीचा. लॅपटॉप एकच, एकाने आपली पाळी खेळून उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. प्रत्येकाने आपली माणसं घेऊन एक गाव वसवायचं, शेती करायची, नवी नवी विद्या शिकायची आणि दगडाच्या काळापासून विजेच्या काळापर्यंत पोचायचं. मूळ खेळ परदेशी, पण लखनच्या कारखान्यात ड्रॉइंग काढणाऱ्या ललितने त्याच्या पोटात हात घालून तो पार नाशिकचा करून टाकला होता. अशा बदललेल्या खेळाला पोरं मॉड म्हणतात. त्यात ललितने एक रानटी टोळी घातली होती. सुरुवातीला या टोळीच्या कुऱ्हाडवाल्यांपुढे कोणाचं काही चालायचं नाही, आणि गाव जाळलं की धान्य नि सोनं आयतं पदरात पडायचं. पण टोळी शिकायची काही नाही. बाकीच्यांच्या हातात बंदुका आल्या की हिला कुत्रंही विचारत नसे. म्हणून टोळी घेणाऱ्याने शेजाऱ्याला सुरुवातीलाच संपवायचं.

लखन दर वेळी टोळीच घ्यायचा. त्याचं स्वतःचंही तसंच झालं होतं. चोविसाव्या वर्षी लाइनचा इन्चार्ज झालेला, बापाच्या वयाच्या ऑपरेटरांना चारचौघांत झापणारा, पोराचं नाव निघतंय म्हणून यादवमामांनी विचारपूस न करता मुलगी दिलेला. त्यानंतर गाडी जी थांबली ती थांबलीच. मशिनं बदलली, कॉम्प्युटरवाली आली, आणि याला शिकायचा कमीपणा वाटला. ज्यांना याने पाना धरायला शिकवलं ती पोरं याच्या डोक्यावर जाऊन बसली आणि "लखनभाऊ, बघा जमतंय का," असं गोड बोलायला लागली. आठवडाभर तो हे गिळायचा आणि रविवारी आजारी म्हाताऱ्यावर काढायचा. हलकटपणाच होता, दुसरं काय म्हणायचं?

त्यात मामांनी त्याचं काम फारच सोपं केलं होतं. या खेळात शेजाऱ्याच्या हद्दीत माणसं न्यायची तर आधी वाट मागावी लागते. शेजाऱ्याच्या पाळीला पडद्यावर प्रश्न येतो, वाट द्यायची का? शाळेतलं पोरगंसुद्धा 'नाही' दाबेल. मामा 'हो' दाबायचे.

"जावयाने दारात येऊन वाट मागायची आणि आपण नाही म्हणायचं? असं कुठं असतं, जावईबापू?"

लखन हसायचा. मामा, इथे नाही म्हणायचं असतं, हे त्याने कधी सांगितलं नाही. त्याचे कुऱ्हाडवाले पाहुण्यांसारखे गावात शिरायचे आणि पुढच्या पाळीला गाव पेटायचं. मामा हात जोडून म्हणायचे, "भारी खेळता बुवा तुम्ही."

मामांना जिंकायचं नव्हतंच. त्यांची आस वेगळी होती. ललितने विजेच्या काळातल्या पॉवर हाउसला एकलहऱ्याच्या उंच चिमण्यांचं चित्र लावलं होतं. मामांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडद्यावर बोट टेकवून म्हणाले होते, "हे आपलं. हे मला एकदा बांधायचंय." पण विजेपर्यंत पोचायला गाव टिकावं लागतं, आणि मामांचं गाव कधी तीरकमठ्याच्या पुढे गेलंच नाही.

मग तो रविवार आला. द्वारकेच्या सिग्नलला ज्योत्स्ना त्याच्या कानाशी वाकली. "अहो, डायलिसिस बाबांना आता झेपत नाही म्हणाले डॉक्टर. थोडेच दिवस आहेत. आज त्यांना त्यांचं पॉवर हाउस बांधू द्या."

"देतो."

"नक्की?"

"म्हटलं ना, देतो."

आणि लखनने शब्द पाळला, जेवायची वेळ होईपर्यंत. टोळी रानात बसून राहिली. मामांचं गाव वाढलं, शाळा झाली, रेल्वे आली. मामांचे हात सुजले होते, बसायला मागे उशी लागत होती, पण तोंड थांबत नव्हतं. कोळसा इकडून आणायचा, आधी पाण्याची सोय बघायची, राख कुठे टाकायची ते नंतर बघू. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. शेवटी चिमण्यांचं चित्र अर्धवट उमटलं. आता एकच पाळी बाकी होती. गावात एकही शिपाई मामांनी ठेवला नव्हता, सगळी माणसं बांधकामाला लावली होती. शेजारी जावई असताना पहारा कशाला?

खुशीतच ते म्हणाले, "जावईबापू, तुमची माणसं अजून कुऱ्हाडीच घेऊन बसलीत? पाठवा आमच्याकडे, काहीतरी शिकवू त्यांना."

मामांच्या मनात काही नव्हतं. पण लखनची कानशिलं तापली. हेच तर तो सातपूरच्या कारखान्यात रोज ऐकत होता. तो खुर्चीत बसला आणि त्याने वाट मागितली.

मामांची पाळी आली. "या, या," असं म्हणत त्यांनी 'हो' दाबलं. पण त्यांची पाळी संपली तरी चिमण्यांचं काम अजून व्हायचं होतं. खेळ ते दोघांच्या पाळ्या झाल्यावर पुरं करतो.

लखनचे कुऱ्हाडवाले रिकाम्या गावात शिरले. पडद्याने विचारलं, गाव ठेवायचं की जाळायचं? ठेवलं असतं तरी चिमण्या उभ्या राहिल्या असत्या. लखनने जाळलं. मग पडद्यावर एक ओळ आली: या लोकांचा इतिहास इथे संपला.

मामांनी सवयीने माउसकडे हात नेला होता, तो मागे घेतला.

"एवढी पाळी गेली असती तर झालं असतं," ते म्हणाले.

"खेळ म्हटल्यावर खेळ, मामा. वाट तुम्हीच दिली."

"हो, हो. दिली खरी."

ज्योत्स्ना पदराला हात पुसत बाहेर आली. "बाबा, झालं का हो तुमचं पॉवर हाउस?"

लखनने लॅपटॉप मिटला. आता म्हातारा सांगणार, आणि घरी गेल्यावर बायको तोंड बघणार नाही.

"झालं की," मामा म्हणाले. "सगळ्या चिमण्या उभ्या केल्या, धूर निघाला. जावईबापूंनी बोटसुद्धा लावलं नाही. वाढ त्यांना, भूक लागली असेल."

ज्योत्स्नाने लखनकडे पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं. तिने मटणातली नळी शोधून त्याच्या ताटात वाढली. मामा बिनमिठाचा भात चिवडत बसले. लखनने मात्र पोटभर खाल्लं.

त्याच आठवड्यात मामा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात माणसं मावत नव्हती. वंदना झाली, थर्मलचे जुने सोबती दोन दोन शब्द बोलले, आणि मग ज्योत्स्ना उभी राहिली. बाबांची शेवटची इच्छा आपल्या नवऱ्याने कशी पुरी केली, स्वतः हरून त्यांना कसं जिंकू दिलं, हे सांगताना तिला रडू आवरेना. बॉयलरवरच्या झुंबर नावाच्या म्हाताऱ्या सोबत्याने लखनला मिठीच मारली. "पोटचं पोरगं नाय करत एवढं. लय मोठं मन हाय तुझं, बाबा."

सांगून टाकावं, असं लखनला एकदा वाटलं. तोंडही उघडलं त्याने. तेवढ्यात ज्योत्स्नाने सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला, आणि ते सुख काही त्याला सोडवेना.

मान खाली घालून तो म्हणाला, "त्यात काय एवढं, मामांसाठी एवढं तर करायलाच पाहिजे होतं."