देवीआधीची पुरणपोळी

बाळांनो, तुमच्या धाकट्या आत्याची पदकं तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलीत. पण मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक ज्या गोष्टीसाठी वाटतं, त्या गोष्टीला पदक मिळत नाही. म्हणून ती लिहून ठेवते.

ही आत्या म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. बोरिवलीला राहते, लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. उजाडायच्या आत नॅशनल पार्कातल्या चढावर तिचा सराव सुरू होतो. गौरी त्यांच्याच घरी बसतात, आणि माझ्या जाऊबाईंचा नियम कडक: पाळी आलेल्या बाईने नैवेद्याला हात लावायचा नाही. मी माझ्या घरी हे केव्हाच सोडलं. त्यांनी नाही.

गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. जाऊबाई खुशीत म्हणाल्या, "बघा वहिनी, एवढी धावते, पण सणाला हिची अडचण कधी आड येत नाही. देवीची कृपा!"

पोरगी नारळ खवत होती. हसून म्हणाली, "सणालाच काय, एरवीही येत नाही काकू. वर्ष होऊन गेलं. ग्राउंडवरच्या मुली म्हणतात, म्हणजे ट्रेनिंग झकास चाललंय."

मी पुरण ढवळायची थांबले. "आणि तो पाय का चोळतेस सारखा?"

"दुखतो जरा. सोड ना गं काकू."

मी सोडलं नाही. गौरींचं विसर्जन झाल्यावर आम्ही तिघी खेळाडूंच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. नडगीच्या हाडाला बारीक चीर होती. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर बाईंनी जाऊबाईंनाही समजेल असं सांगितलं. "धावण्यात जेवढं खर्च होतं, तेवढं हिच्या पोटात जात नाही. मग मेंदूला वाटतं, दुष्काळ पडलाय. दुष्काळात कोण बाळाची तयारी करतं? तो अंडाशयांना निरोप पाठवणंच थांबवतो. पाळी आणणारं हार्मोन आटतं, आणि हाडं बळकट ठेवायलाही तेच लागतं. ताणाचं हार्मोन मात्र वाढलंय."

"म्हणजे मी ज्याला कृपा म्हणत होते..." जाऊबाई म्हणाल्या.

हिवाळ्यात राष्ट्रीय संघाची निवड होती. तिथवर पोहोचायला पोरीने सगळी विशी घातली होती. तिने विचारलं, "पाय बरा झाला की पाळीच्या गोळ्या घेऊन धावता येईल?"

"गोळीने पाळी येईल, दुष्काळ नाही हटणार. थांबायचं आणि खायचं. पुढचं हाड मोडलं तर मात्र कायमचं थांबशील."

तिने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "ठीक आहे. थांबते."

पायात वेदना घेऊन धावणारे खेळाडू पुष्कळ असतात. लोक त्यांना टाळ्या वाजवतात. ही घरी बसून भूक नसताना तुपातला शिरा खात होती, आणि तिच्या जागी दुसरी मुलगी निवडली जात होती. निवडीच्या दिवशी तिने शर्यत मोबाईलवर शेवटपर्यंत पाहिली आणि त्या मुलीला फोन केला. "भारी धावलीस यार!" मग दार लावून घेतलं. मी ते ठोठावलं नाही.

पाय भरून आला. हळूहळू सराव सुरू झाला, पण ताटाशी मांडवली नाही, पोटभर खायचं म्हणजे खायचं.

यंदा गौरीजेवणाच्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "आई, मला आज आत येता नाही येणार."

जाऊबाईंचं लाटणं थांबलं. "खरंच?"

"अगं, खरंच!"

"वाट लागली! मग सोळा भाज्या कोण चिरणार, तुझा बाप?" असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे वाहायला लागले. पिठाच्या हातांनीच त्यांनी तिला ओढून आत घेतलं, पाटावर बसवलं, आणि तव्यावरची पहिली पोळी तिच्या पुढ्यात ठेवली.

"आई, नैवेद्य व्हायचाय अजून."

"देवीला दुसरी वाढते," जाऊबाई म्हणाल्या आणि पोळीवर तुपाची धार सोडली. "तू खा आधी."