चार नंबरची खुर्ची

नवा फोन घेतला आणि जुना दुकानात देऊन टाकला, तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. दोन दिवसांनी कळलं, की ज्या प्लॅटफॉर्मवर माझा सगळा कोड असतो, तिथे लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारा आकडा त्या जुन्या फोनमधल्या अ‍ॅपवरच यायचा. पासवर्ड जपा म्हणून लोकांना सल्ले देणारा माणूस मी, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

साकीनाक्याच्या ऑफिसातलं काम दुसऱ्याच्या खात्यातून भागलं. जीव टांगणीला लागला तो बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरमुळे. बाबा आठवड्यातून तीनदा तिथे जातात. तिथल्या वहीतला गोंधळ बघून मीच हौसेने त्यांना वेळा लावायचा प्रोग्राम करून दिला होता. त्यात एक चूक निघाली. कुणी वार बदलून घेतला, की एकच खुर्ची दोघांना दिली जायची. चूक मी अर्ध्या तासात दुरुस्त केली, पण ती दुरुस्ती सेंटरपर्यंत पोचायची वाट त्या बंद खात्यातूनच जात होती.

तक्रार टाकली. तुमची तक्रार मिळाली, असं लगेच उत्तर आलं. पुढे काही नाही. मला धीर म्हणून नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी एक नम्र आठवण लिहायचो. पेशंटचा प्रश्न आहे, हेही लिहिलं. नवव्या दिवशी तिथल्या चर्चेच्या पानावर माझ्यासारख्याच अडकलेल्या कुणीतरी सांगितलं, की शेवटचा मजकूर कधी आला ते बघून ते लोक रांग लावतात. म्हणजे रोज सकाळी मी स्वतःच स्वतःला रांगेच्या शेवटी नेऊन उभं करत होतो. रडायचंच काय ते बाकी होतं. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

तोवर सेंटरच्या सिस्टर रोज संध्याकाळी मला दुसऱ्या दिवसाच्या यादीचा फोटो पाठवायच्या, आणि कुठे एका खुर्चीवर दोन नावं आहेत ते मी शोधून कळवायचो. झोपेतही मला खुर्च्या दिसायच्या.

एका गुरुवारी नजर चुकली. बाबांना घेऊन पोचलो तर चार नंबरच्या खुर्चीसाठी गोराईहून होडीने खाडी ओलांडून आलेल्या एक मावशी थांबल्या होत्या, गळ्यातला क्रूस चाचपत. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या. सिस्टर वैतागल्या होत्या.

"आता कोणाला घेऊ सांगा. दोघांना चार नंबर तुमच्याच प्रोग्रामने दिलाय ना?"

बाबांच्या पायांवर सूज होती, धाप लागत होती. त्यांनी मावशींना हाताने आत जायची खूण केली आणि स्वतः बाकावर बसले. म्हणजे आता मावशींचं डायलिसिस होईपर्यंत चार तास. मला त्यांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही, नुसती भीती वाटली. मी त्यांचे श्वास मोजत बसलो.

तासाभराने फोन वाजला. प्लॅटफॉर्मची मेल होती. आपल्याकडून काही हालचाल दिसत नाही, अडचण अजून असल्यास तीन दिवसांत कळवा, अन्यथा तक्रार बंद केली जाईल. लिहिलं तर पुन्हा शेवटी, नाही लिहिलं तर कारभारच आटोपला. मी तीच मेल पुन्हा पुन्हा वाचत होतो. काय झालं, म्हणून बाबांनी विचारलं. इतके दिवस त्यांच्यापासून लपवलेलं सगळं सांगून टाकलं, रोजच्या त्या आठवणींसकट.

ते दम घेत घेत म्हणाले, "लिही रे. नंबर पाठी गेलो तरी चालात. बंद होवक नको."

मी लिहिलं, अडचण अजून आहे. चार नंबरची खुर्ची रिकामी व्हायला अजून तीन तास होते.