चूक आमची, खाली नाव बाईंचं

"वाच. मोठ्यानं वाच. तोंडातनं निघत न्हाई ते लिवायचंच न्हाई."

असं म्हणून बाई मोबाइल माझ्या हातात द्यायच्या आणि डोळे मिटून ऐकत बसायच्या. आमची कंपनी तेलगाव रस्त्याला, कडबाकुट्टी यंत्रं बनवणारी. बाई तक्रारीचा फोन घ्यायच्या. मी शेडमध्ये फिटर, आठवीतून शाळा सोडलेला, गडचिरोलीकडून आलेला. दुपारच्या सुट्टीत त्या मला हाक मारायच्या. "तुला कळलं म्हंजे अख्ख्या जिल्ह्याला कळलं." याचा मला राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटायचं. त्या शेडमध्ये माझा दुसरा कसलाच उपयोग कुणी सांगितला नव्हता.

कंपनीच्या वेबसाइटवर पुण्याच्या एका मुलानं ब्लॉग काढून दिला होता, त्यावर लिहायचं काम बाईंकडे आलं. त्यात पहिलं वाक्य होतं, 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.' बाईंनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हे कोण बोलतंय रे? भिंत?" आणि पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं: 'राम राम. तक्रारीचा फोन मी उचलते. सकाळी मशीन चालू असतंय, जरा मोठ्यानं बोला.' खाली स्वतःचं नाव.

लोक लिहायला लागले. कडा गावच्या एकानं रागानं लिहिलं, 'तुमचं यंत्र लई बोंबलतंय, भंगारात घालतो.' आमचे मॅनेजर म्हणाले, पुसा. बाईंनी खाली उत्तर लिहिलं: 'दादा, घालू नका. पट्टा सैल असंल. मशीन बंद करून अंगठ्यानं दाबून बघा अन् सांगा. मी हाय हितंच.' दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, 'पट्टाच होता. बाई, जेवलात का?' बाईंनी ते सगळ्या शेडला वाचून दाखवलं. मालकही खूश होते. "बाई, तुमच्या लिहिण्यानं यंत्रं खपायलीत," म्हणायचे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते आहे तोवर कंपनीला तोंड आहे असं वाटतं.

आता माझं सांगतो. पात्यावरच्या झाकणाचे बोल्ट मी बसवायचो. नवीन नमुना आला तेव्हा सोबतचा कागद इंग्रजीत होता. पिशवीत स्प्रिंग वॉशरही होते, बोल्ट ढिला पडू नये म्हणून घालायच्या चकत्या. जुन्या झाकणाला ते लागत नसत, म्हणून मला वाटलं जास्तीचे आहेत. विचारायची लाज वाटली. एक अख्खा लॉट मी वॉशर न घालता बाहेर सोडला. मग गेवराईकडून फोन आला, यंत्र चालू असताना झाकण उडून गव्हाणीत पडलं. माणूस थोडक्यात वाचला.

मी मूठभर वॉशर घेऊन बाईंपुढे उभा राहिलो. त्यांनी वॉशर पाहिले, मग मला पाहिलं. "जेवलास का?" एवढंच विचारलं. मग लिहायला बसल्या. त्या दिवशी वाचायला मला दिलं नाही, स्वतःच वाचलं:

'चूक आमची हाय. या लॉटच्या झाकणाला वॉशर राहिले. यंत्र बंद ठेवा. मला नंबर कळवा, आमचा माणूस येऊन बसवून देईल.'

दोन दिवस फोन वाजत राहिला. मीच गाडीवर गावोगाव जाऊन वॉशर बसवत होतो. तिसऱ्या दिवशी मालकांनी बाईंना आत बोलावलं. मी दाराबाहेर, हातात पाना.

"चूक फोनवर कबूल करायची. जगापुढं कावून?"

"ज्याचा फोन आला न्हाई त्याला कोण सांगणार, साहेब?"

"बरं. कुणी बसवलं त्याचं नाव सांगा. त्याला काढतो आन् तसं लिहा."

"लिवलं मी. खाली नाव माझं हाय."

"मग तुमीच जा."

दार अर्धं उघडं होतं. दोन पावलं टाकली असती तर मी आत असतो. नोकरी गेली तर कुठं जाऊ, एवढाच विचार डोक्यात होता. बाई बाहेर आल्या, पिशवी उचलली, माझ्याकडे पाहून मान हलवली. 'बोलू नको' अशी, की 'बोल' अशी? मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच संध्याकाळी ते लिखाण पुसलं गेलं. आता ब्लॉगवर कुठल्या तरी परक्या शेतात हसणाऱ्या माणसाचा फोटो आहे, आणि लोकांना खाली लिहिता येत नाही. फोन लावला की रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या लॉटमधली काही यंत्रं अजून कुठंतरी तशीच चालतायत. त्यांचे फोन आलेच नाहीत. फाटकाशी टेम्पो थांबला की त्यात झाकण उडालेलं यंत्र आहे का, ते मी आधी बघतो.

गेल्या महिन्यात उमापूरचा एक म्हातारा आला. हातात किटली. "म्हैस व्यालीय. बाईसाठी चीक आणलाय. कुठं हायेत?"

"सोडून गेल्या."

"कावून?"

मी खाली वाकून बोल्ट आवळत राहिलो. "म्हाईत न्हाई, बाबा."

उन्हात चीक नासला असता. शेवटी त्यानं किटली माझ्यापुढे ठेवली. "मंग तुमीच खावा."

शेडमधल्यांनी गूळ घालून खरवस केला. लई गोड झाला होता, म्हणून मी दुसऱ्यांदा मागून घेतला.