आत्यांच्या ठरावाला अनुमोदक

माझ्या सासूबाई चिमाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आतापर्यंत चार परिषदा झाल्या त्यांच्या, तीन लोणावळ्यात आणि एक पुण्याला. मानवी हक्क, आंतरराष्ट्रीय कायदा, असलं काहीबाही पाठीमागच्या पडद्यावर लिहिलेलं असतं. बाई चौथी पास, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आणि दर वेळी सोबतीला कोण? मी. नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत माझी नोकरी, सुट्टी मागताना सुपरवायझरचं तोंड बघवत नाही. सुरुवातीला माझी फार चिडचिड व्हायची, खोटं कशाला सांगू.

विषय एका वाटेचा होता. बेडसे लेण्यांच्या खालच्या अंगाला आमची वाडी, बौद्धांची अकरा घरं. आमचं स्मशान ओढ्याकाठी, आणि तिथं जायची वाट मारुती आबांच्या शेताच्या बांधावरून. आजे-पणज्यांपासून माणसं त्याच वाटेनं नेलेली. आबांनी तो तुकडा शहरातल्या कुणाला तरी विकला. त्यानं तारेचं कुंपण घातलं, लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप लावून निघून गेला.

पाच महिन्यांनी माझे सासरे विठ्ठल गेले. गेटपाशी माणसं थांबली, मालकाला फोन लावले, कुणी उचलला नाही. शेवटी डांबरी रस्त्यानं मोठा वळसा घालून टेम्पोतून न्यायचं ठरलं. पहिल्या खेपेला ते आणि पुरुष माणसं, दुसऱ्या खेपेला आत्या आणि आम्ही बायका. पण रविवार होता. पवना धरणाकडं निघालेल्या गाड्यांची ही भली मोठी रांग! टेम्पो जागचा हलेना. पुढच्या गाडीत गाणी चाललेली, मागचा हॉर्न वाजवतोय, आणि आत्या मधे मांडीवर फुलं घेऊन बसलेल्या. तिकडं अंधार पडायला लागला म्हणून माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, अग्नी दिला. आम्ही पोचलो तेव्हा ज्वाळा वर गेल्या होत्या. बावन्न वर्षं संसार केलेल्या माणसाचं तोंड आत्यांना शेवटचं बघायला मिळालं नाही.

त्या सुहासवर रागावल्या नाहीत. एकच म्हणाल्या, "वाट मोकळी झाली पायजे. माज्या येळंला कुनी असं अडकून पडाया नगं."

पुढं एका संस्थेच्या मुली आल्या, त्यांनी अहवाल लिहिला आणि परिषदांची बोलावणी सुरू झाली. गळ्यात 'समुदाय प्रतिनिधी' असं कार्ड, एका बाजूला प्रोफेसर, दुसऱ्या बाजूला वकील, कानाला हेडफोन. आत्या "जय भीम" म्हणून उभ्या राहायच्या आणि दहा मिनिटांत सगळं सांगायच्या. बायका डोळे पुसायच्या. मग टाळ्या, शाल, फोटो, चहा. आणि घरी आलं की गेट आपलं जागच्या जागी! बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. मी तसं म्हटलं की आत्या मला गप्प करायच्या. "सांगत ऱ्हावं. कुनाच्या तरी कानात शिरंल."

चौथी परिषद दोन वर्षांमागं जानेवारीत, लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर. एक परदेशी बाई युद्धाच्या कायद्यावर बोलत होत्या. लढाईत शत्रूचा माणूस मेला तरी त्याला मानानं पुरलं पाहिजे, असा साऱ्या देशांनी मान्य केलेला कायदा आहे म्हणे. हेडफोनमधून ते मराठीत ऐकलं आणि आत्यांनी माझा दंड धरला. "ऐकलंस का? दुश्मनाच्या मड्यालाबी मान हाय. आन् आमचं मानूस तर गावचंच व्हतं."

शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी ठराव वाचला. दहन आणि दफनाच्या जागांकडं जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटा सर्वांना खुल्या राहाव्यात, असा. टाळ्या झाल्या. लोक जेवायला उठायला लागले, तेवढ्यात आत्या काठी टेकत उभ्या राहिल्या.

"थांबा. सूचक कोन? अनुमोदक कोन?"

आता हे सांगायला हवं की आत्या राखीव जागेवर पाच वर्षं ग्रामपंचायतीत होत्या. ठराव कुणी मांडला तो सूचक, त्याला पाठिंबा दिला तो अनुमोदक, दोघांची नावं वहीत चढायची. वहीत चढलं म्हणजे ते काम त्या दोघांच्या गळ्यात, असा आत्यांचा खाक्या. पाण्याच्या टाकीच्या ठरावाला एकानं नुसता हात वर केला होता, त्याला त्यांनी सहा महिने पळवला होता. जगात सगळीकडं असंच चालतं, अशी त्यांची पक्की समजूत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्ष भले गृहस्थ, हसून म्हणाले, "आजी, हा तसा ठराव नाही. ही सगळ्या परिषदेची भावना आहे."

"भावना झाली. पर करनार कोन?"

आत्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. "सूचक मी. अनुमोदक बोला."

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. राजेश्वरी मॅडम, पुण्याच्या कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या, असतील पस्तिशीच्या. गालातल्या गालात हसत पुढं आल्या, सही केली, फोन नंबरही लिहिला. बिचारीला काय कल्पना, कुणाच्या तावडीत सापडलोय!

त्यानंतर दर सोमवारी सकाळी नऊला फोन. "अनुमोदक बाई, कामाचं कुटवर आलं?" पहिल्या सोमवारी मॅडमना पेपर तपासायचे होते, दुसऱ्या सोमवारी दिल्लीला जायचं होतं, तिसऱ्यांदा सर्दी. आत्या म्हणायच्या, "बरं. पुडच्या सोमवारी करते." चौथ्या आठवड्यात मॅडम लोकलनं कामशेतला उतरून थेट आमच्या दारात. गेट बघितलं, ओढा बघितला, ओसरीवर येऊन बसल्या.

"आजी, खरं सांगते," त्या म्हणाल्या, "त्या ठरावाला कचेरीत काही किंमत नाही. मी सही केली ती तुमच्या कौतुकापोटी."

"कवतिक लय झालं, पोरी. कशाला किंमत हाय ते सांग."

मॅडम ओशाळल्या. पण मग पदर खोचावा तशा कामाला लागल्या. तहसीलदारांकडं अर्ज लिहिला. अडचण एकच होती, वाट नकाशात नव्हती. ती जुनी आहे असं सांगणारा साक्षीदार पाहिजे होता, तोही आमच्या अकरा घरांतला नको. ज्याचा बांध होता त्याचाच जबाब मिळाला तर उत्तम.

म्हणजे मारुती आबा. माझं डोकंच फिरलं. "त्या माणसाच्या दारात? जमीन विकताना आपली आठवण झाली का त्याला? मी नाही येणार."

"नगं येऊ," आत्या म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या. गेले झक मारत.

आबा बाजेवर बसले होते. सासऱ्यांच्या बरोबरीचे, एका शाळेतले. तीन वर्षांत दोन्ही घरांचं बोलणं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, चहा आणून ठेवला.

"मारुतीभाऊ," आत्या म्हणाल्या, "चार परिषदांत सांगून आले. तुमालाच तेवडं सांगायचं ऱ्हायलं."

आबांनी मान खाली घातली. "काय सांगता, वयनी. घेनारा म्हनला व्हता, वाट सोडतो. म्या येडा, कागदावर न्हाई घेतलं. इठ्ठलाच्या दिवशी तुमी समदी गेटापाशी हुबी व्हता ना, मी तितंच वडाच्या आडाला व्हतो. म्होरं याचं धाडस न्हाई झालं."

"मला ठावं हाय. दिसला व्हता तुमी."

हे मलाही माहीत नव्हतं. तीन वर्षं बाईनं पोटात ठेवलं होतं! एवढ्या भाषणांत एकदाही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. नंदाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"सही कुटं करायची?" आबांनी विचारलं. "आन् नुसती सही न्हाई, सायबाम्होरं हुबा ऱ्हाऊन बोलतो."

बोलले. ज्यानं लाखो रुपये देऊन जमीन घेतली तो मालक त्यांच्यावर भडकला, भावकीतले चौघे म्हणाले तुला काय पडलंय. आबा हलले नाहीत. मॅडम तारखेला तारखेला येत राहिल्या. अधिकारी आले, पंचनामा झाला. तरी वर्ष गेलंच. गेल्या वैशाखात आदेश निघाला आणि गेटचं कुलूप निघालं.

त्या दिवशी सगळी वाडी जमली होती. कुणी पेढे आणले होते, मॅडम होत्या, आबा बाजूला उभे होते. सगळ्यांना वाटलं आत्या आता भाषण करणार. आत्या म्हणाल्या, "मी जाऊन येते," आणि काठी टेकत बांधावरून निघाल्या. मी हात धरला. ऊन होतं. त्या एकदा गुडघा धरून थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा चालायला लागल्या. ओढा आला, त्याच्या काठचा दहनाचा ओटा आला.

"किती येळ लागला गं?"

मी मोबाइल बघितला. "नऊ मिनिटं."

"थांबून धरून?"

"हो."

"एवडंच व्हतं व्हय गं?"

मला रडूच फुटलं. आत्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या ओट्याच्या कडेला टेकल्या, दगडावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, आले मी. लय उशीर झाला."