बंबघरातली चवीची टिक्की

डेल्मर स्ट्राउड तोंडात घास धरून छताकडे बघायला लागला, की आमच्या सायप्रस बेंड गावच्या बंबघरात सगळ्यांची बोलती बंद व्हायची. चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रार्थना सांगत असतात तेव्हासुद्धा मागच्या बाकांवर कुजबुज चालू असते. पण डेल्मर चवीची टिक्की, म्हणजे मसाला जमला का ते बघायला तळलेली खिम्याची वडी, चघळत असताना कुणी खोकायचंही नाही. घास गिळून झाला की तो छताला सांगितल्यासारखं म्हणायचा, "सेजचा पाला कमी पडलाय," किंवा "मिरची पुरे." आणि कधीतरी, तिसऱ्या नाहीतर चौथ्या टिक्कीला, नुसती मान हलवायचा. मान हलली की सॉसेज झालं.

जानेवारीतला हा न्याहारीचा शनिवार म्हणजे आमच्याकडची जत्राच. नदीकाठच्या दलदलीतून रानडुकरं रात्री वर येतात आणि सकाळी पाहावं तर गवताचं कुरण नांगरून ठेवलेलं! म्हणून जो तो पिंजरे लावतो. थंडी पडली की त्यातली दोन-तीन डुकरं बंबघरात येतात, त्यांचं सॉसेज होतं, आणि ताकात भिजवलेली, पावासारखी गरम बिस्किटं, पांढरी ग्रेव्ही आणि हे सॉसेज खायला अख्खा गाव लोटतो. त्या दिवशी देणगीच्या डब्यात जे जमतं त्यावर आगीचा बंब वर्षभर पळतो. बंबावर चढणारे सगळे गावचेच. कुणी सुतार, कुणी ट्रकवाला.

डेल्मर आयुष्यभर शाळेची बस चालवत आला. त्याच्या नाकाच्या गोष्टी सांगायला बसलं तर चूल विझेल. कुठल्या पोराच्या डब्यात काय आहे ते तो पोर पायरी चढायच्या आत सांगायचा. एकदा एका पोरीनं दप्तरात कासव लपवून आणलं होतं. डेल्मरनं आरशात न बघता सांगितलं, "त्याला घरी सोडून ये, मी थांबतो." आणि एकदा तर पोरांनी भरलेली बस मध्येच उभी केली, खिडकी उघडली आणि म्हणाला, "कुणाचं तरी गवत पेटलंय." दूर टेकडीपलीकडे खरंच एक कोठार धुमसत होतं. बंब वेळेवर पोचला. तेव्हापासून बंबघरातला बिडाचा तवा त्याच्या ताब्यात आला. त्याच्या आधी तो त्याच्या बापाकडे होता, म्हणजे घराणंही होतंच म्हणा.

तर अशा माणसाला मागच्या ऑक्टोबरात ताप आला. आठवडाभरानं ताप गेला, आणि जाताना चव घेऊन गेला. वासही गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, मांस म्हणजे ओला पुठ्ठा. तो गुपचूप तालुक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, येईलही, न येईलही, धीर धर. डेल्मरनं धीर धरला आणि तोंडही मिटून धरलं. बायकोलासुद्धा काही सांगितलं नाही. सत्तरीच्या माणसाचे गुडघे गेले तर लोक हळहळतात, पण डेल्मरचं नाक गेलं म्हटल्यावर डेल्मरचं उरलं काय?

पण ओलेटाशी त्यानं पंचेचाळीस वर्षं संसार केला होता. सॉसेज करायच्या दिवशी सकाळी तिनं त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला आणि समोर बसून राहिली.

"कशी झालीय?"

"झकास."

"आणखी देऊ?"

"दे की."

"डेल्मर, मी त्यात मीठ घातलंय. साखरेच्या जागी."

डेल्मरनं कप खाली ठेवला.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"तापापासून."

"म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझी टर्की खाऊन, 'अशी आजवर कधी जमली नव्हती' म्हणालास ते?"

"ते खरंही असेल की! मला काय कळतंय?"

ओलेटानं हातातलं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. मग हसली, आणि मग तिचे डोळे भरले. तसं ती पटकन उठून खरकटं आवरायला लागली.

"हे बघ," ती पाठमोरी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. मीठ कमी असलं तर तुझ्या डाव्या पायावर पाय देईन. मिरची कमी असली तर उजव्या."

"आणि सेज?"

"सेजला चिमटा काढीन."

"आणि नराचा वास?"

यावर ओलेटाचे हात थांबले. वय झालेल्या नर डुकराच्या मांसाला कधी कधी एक उग्र दर्प असतो. असा एक तुकडा जरी खिम्यात गेला तरी अख्खं टोपलं वाया जातं. म्हणून खिमा करण्याआधी प्रत्येक नराचा एक तुकडा तव्यावर टाकून कुणीतरी नाक जवळ नेऊन हुंगायचा असतो. आणि हा दर्प काही माणसांना जन्मजात येतच नाही. ओलेटा त्यातली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं मोठ्या हौसेनं नराची तंगडी भाजली, तेव्हा अंगणातली कुत्रीसुद्धा शेजाऱ्यांकडे राहायला गेली होती.

"हॉइटला विचार," ती म्हणाली.

"हॉइटला? त्यापेक्षा मी मिठाची कॉफी पितो जन्मभर!"

हॉइट लँड्रम हा शेजारी. तो पाळीव डुकरं ठेवतो. रानडुकराच्या अंगावर चरबी नाही, नुसत्या त्याच्या मांसाचं सॉसेज केलं तर वाळू चघळल्यासारखं लागतं. म्हणून हॉइट दरवर्षी आपल्या डुकरांची पाठीची पांढरी चरबी आणून देतो. आणि दरवर्षी, चरबी माझी तेव्हा शब्दही माझा चालला पाहिजे म्हणून, मसाल्यात तांबडी साखर घालायचा हट्ट धरतो. दरवर्षी डेल्मर त्याला सांगतो, साखर घरी केकात घाल. मग हॉइट दिवसभर कोपऱ्यात उभा राहून याला वास येतो, त्याला वास येतो, अशी कुरकुर करत राहतो. त्याचं नाक तिखट आहे हे डेल्मरला माहीत होतं. म्हणून तर त्याचा जास्त राग.

बंबघराचं मोठं दार सताड उघडं होतं आणि उत्तरेचा वारा आत घुसत होता. बंबाचा मुखिया वेन्डल टॅकेट छाती काढून उभा. या वर्षी त्याच्या पिंजऱ्यात एक अजस्र नर सापडला होता, बोटाएवढ्या सुळ्यांचा. त्याचे फोटो तो पेट्रोल पंपावर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दमला होता. मांस आदल्या दिवशी कापून बर्फात ठेवलेलं. दोन माद्या आणि हा नर. निम्मं मांस त्या एकट्याचं.

डेल्मरनं नराचा तुकडा तापल्या तव्यावर टाकला. चर्र झालं. तो वाकला. चेहऱ्यावर वाफ आली, ऊब लागली, बाकी काही नाही. मागे सगळे त्याच्या मानेकडे बघत होते. ओलेटा शेजारी उभी होती, पण इथं तिचे पाय काय कामाचे?

मान हलवली असती तर झालं असतं. दर्प नसेलही. निम्म्याहून जास्त नर चांगलेच निघतात. आणि असला, तर उद्या गाव घास थुंकेल आणि वर्षभर बंब डिझेलवाचून उभा राहील. डेल्मर पुन्हा वाकला. पुन्हा नुसती ऊब.

तो सरळ झाला आणि म्हणाला, "हॉइट, इकडे ये."

"मी? का? मी काय केलं?"

"ये तर. हुंग. मला काही येत नाही. ऑक्टोबरपासून ना वास, ना चव. बसचा टायर कापून दिलात तरी मी चावून खाईन."

वाऱ्यानं पत्रा वाजला. मग मागून ट्रकवाला रस्टी बोलला, "तरीच! तरीच मी म्हणतोय, चर्चच्या जेवणात पाद्रीणबाईंची रताळी यानं दोनदा कशी घेतली!"

असा हशा उसळला, की दोर सुटल्यागत सगळे सैल झाले. डेल्मरही हसला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

हॉइट तव्याशी आला. वाकला. उठला. पुन्हा वाकला. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झालेला माणूस, पण चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा.

"मला वाटतं… बहुतेक… आहे वास."

"बहुतेक? एरवी तर फाटकातून ओरडत येतोस!"

"अरे बाबा, आजवर मी नुसती कुरकुर केली," हॉइट हळूच म्हणाला. "कुरकुर करणाऱ्यावर जबाबदारी नसते."

डेल्मरनं तव्यावरचा तुकडा उलटला. मग बसमध्ये रडणाऱ्या पोराशी बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "बरं. कसला वास?"

"घामेजल्या शर्टासारखा. बोकडाच्या गोठ्यासारखा."

"नाकातच राहतो, की घशात उतरतो?"

"घशात उतरतो. आणि हलत नाही तिथून."

"मग झालं. काढा तो नर बाजूला."

वेन्डल उसळला. "अरे, निम्मं मांस आहे ते! मला नाही येत कसला वास!"

"तुला येणार नाही. ओलेटालाही येत नाही. तो तुमचा दोष नाही."

"आणि तुला तरी कुठं आला? तूच म्हणालास ना आत्ता!"

"मला नाही आला. हॉइटला आला. या तव्यावर माझा शब्द चालतो ना? मग माझा शब्द असा, की हॉइट म्हणेल ते खरं. सॉसेज कमी पडलं तर ग्रेव्ही वाढवू."

वेन्डल पाय आपटत बाहेर गेला आणि थोड्या वेळानं नराच्या जागी घालायला आपल्या कोठीतली हरणाची एक मांडी घेऊन परत आला. हॉइटचे कान लाल झाले होते, आणि ते थंडीनं नव्हते.

मग मशीन सुरू झालं. अर्धवट गोठलेलं मांस आणि चरबी एकत्र दळली, मसाला पडला, आणि डेल्मरनं बाह्या वर करून हात घातले. हातांना नाकाची गरज नसते. खिमा तळव्याला चिकटला, तळवा उपडा केला तरी पडेना, तेव्हा तो म्हणाला, "हं, आता टाक टिक्की."

हॉइटनं टिक्कीचा घास घेतला आणि नकळत छताकडे बघायला लागला. पुन्हा हशा.

"हसू नका रे! चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय उत्तर झालं?" डेल्मर म्हणाला. "मीठ जिभेच्या शेंड्याला लागतं का?"

"लागतं."

"गिळल्यावर काय उरतं?"

"काही नाही. सपाट."

"मग सेज हवा. घाल."

दुसऱ्या टिक्कीला काळी मिरी वाढली. विचारणारा एक, चाखणारा दुसरा. पण मधलं अंतर हळूहळू कमी होत गेलं. तिसऱ्या टिक्कीचा घास हॉइटनं बराच वेळ चघळला. मग खाली बघून म्हणाला, "आता एक सांगू? रागावू नकोस. साखर हवी."

ओलेटानं डोळे मिटून घेतले.

"का?" डेल्मरनं विचारलं. आजवर त्यानं हे कधीच विचारलं नव्हतं.

"मिरची एकदम अंगावर येते. कुणीतरी तिचा हात धरायला हवा. गोड लागेल एवढी नकोच. नुसता हात धरेल एवढी."

डेल्मरनं खिमा बोटांनी चाचपला. आज जीभ स्वतःची नव्हती, हॉइटची होती. मग नराच्या वेळी हॉइटचं नाक खरं आणि साखरेच्या वेळी त्याची जीभ खोटी, असं कसं चालेल?

"एक मूठ," तो म्हणाला. "माझी नाही, ओलेटाची."

चौथी टिक्की तव्यावर पडली. हॉइटनं चाखली आणि नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. सॉसेज कमी, ग्रेव्ही जास्त, पण कुणाची तक्रार नव्हती. डेल्मर बिस्किटं वाटत फिरत होता. एवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून काठी आपटल्याचा आवाज आला. ऑपल मावशी. गावात तिच्याहून म्हातारं फक्त चर्चच्या आवारातलं ओकचं झाड.

"डेल्मर स्ट्राउड! इकडे ये. यात साखर आहे."

आजूबाजूच्यांचे काटे-चमचे थांबले. मागे ट्रे घेऊन येणारा हॉइट जागच्या जागी उभा राहिला.

"आहे, मावशी," डेल्मर म्हणाला. "मीच घातली."

"तुझा बाप असता तर काय म्हणाला असता?"

"शिव्या दिल्या असत्या. आणि मग दुसरी टिक्की मागितली असती."

म्हातारीनं ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं.

"मग उभा काय राहिलास? शिव्या मी देते, दुसरी तू आण."

डेल्मर वळला तर हॉइट ट्रे पुढे करून उभाच होता.

"पुढच्या वर्षी दोन मुठी?" तो कुजबुजला.

"एकच. आणि चरबी घेऊन लवकर ये. मला नाक लागतं सकाळपासून."